दोन बोल्ट, अर्धा आटा

३ ऑक्टोबर

चिरंजीव खिळ्यास,

मी तुझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. आशीर्वाद द्यायचा अधिकार माझा, तो या ओळीत वापरून टाकतो.

फोन सोडून पुन्हा पत्र का, असं विचारशील. आपले मागचे तीन फोन आठव. पहिला तू चौथ्या मिनिटाला ठेवलास, दुसरा मी तिसऱ्या मिनिटाला, आणि तिसरा दोघांनी एकदमच. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं.

मुद्द्यावर येतो. तुझे वडील, म्हणजे माझे मामा, काल चहा पिता पिता म्हणाले की ते तुझ्याकडे राहायला यायला तयार आहेत. तू बरोबर वाचलंस. सहा वर्षांपूर्वी तू तिसऱ्या मजल्यावर राहत होतास, गाडीला जागा नव्हती, आणि ‘भंगारात द्या’ म्हणालास. त्यावर ते गाडीसकट माझ्या दारात येऊन उभे राहिले. आता तू तळमजल्याचं घर घेतलंस, शेजारी पत्र्याची शेड बांधलीस आणि त्यांना शेडचा फोटो पाठवलास. सोबत एक शब्द नाही, नुसता फोटो. तो त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवलाय. पूर्वी आठवड्यातून एकदा चष्मा पुसायचे, आता दिवसातून दोनदा पुसतात. आमच्या घरात इतकं स्वच्छ कोणालाच दिसत नाही.

अट एकच. येईन तर माझ्या गाडीतून. “चाळीस वर्षं हिच्यातून जमिनी मोजल्या. तिला टाकून मी सामानासारखा जाणार नाही,” असं ते म्हणाले. अंतर तीनशे दहा किलोमीटर, आणि गाडी तेल गाळते आहे. रोज सकाळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, फरशीवर बशीएवढा डाग. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने वाकून पाहिलं, जीभ चुकचुकवली आणि ‘मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणून सांगितलं. मामा त्याच्याकडे पाहून इतकंच म्हणाले, “माझा मुलगा असता तर आधी वर बघितलं असतं.”

तेव्हा तू वर बघ. लांबून, पत्राने. हात माझे, डोकं तुझं. अशी वाटणी लहानपणी उलटी होती, म्हणून गंमत वाटते.

पत्राच्या तळाशी नेहमीसारखी जागा सोडली आहे. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हा मामांचा नियम तुला माहीतच आहे. ते पत्र उलटं धरून गाडीपर्यंत जातात, किलोमीटरचा आकडा बघून खाली लिहितात, आणि पाकीट स्वतः चिकटवतात. मोजणीदाराचा हात, दुसऱ्याने चिकटवलेलं पाकीट त्यांना वाकडं वाटतं.

तुझा,
पंडित

(मामांच्या अक्षरात) ८७,४१२


९ ऑक्टोबर

पंडितास,

आशीर्वाद पोचले. वापरले नाहीत.

बाबांना सांग, वर बघितलं. त्या मिस्त्रीला इंजिनाला हात लावू देऊ नकोस. तेल वरून गळतं आणि खाली दिसतं. त्या इंजिनाचं टॅपेट कव्हर म्हणजे सगळ्यात वरचं पत्र्याचं झाकण. त्याखाली बुचाचं पॅकिंग असतं. ते वाळलं की मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरतं, इंजिनाच्या पाठीवरून उतरतं आणि मागच्या सीलपाशी ठिबकतं. बघणाऱ्याला वाटतं सील गेलं.

असं कर. इंजिन गार असताना रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन सगळं धू. मागची बाजूही. हात पोचत नाही म्हणून सोडू नकोस. कोरडं कर. वरून खालपर्यंत अंगाला लावायची पावडर भुरभुर. दहाबारा किलोमीटर चालव आणि ये. बोनेट उघड. पावडर जिथे सगळ्यात वर भिजली असेल तिथे गळती. खालच्या ओल्याकडे बघू नकोस.

आणखी एक. कव्हरवरून एक रबरी नळी निघते, इंजिन तिच्यातून श्वास सोडतं. ती तुंबली असेल तर नवीन पॅकिंगही टिकत नाही. काढून फुंकून बघ.

शेड बारा फूट बाय वीस. पुढच्या खोलीत कमी उंचीची खाट केली आहे. त्यांचे गुडघे आता कसे आहेत, हे तुला माहीत असणार. मला नाही. सहा वर्षांत मला त्यांच्याकडून जे काही आलं ते तुझ्या पत्रांच्या तळाशी आलं, आणि ते आकडे होते.

खिळ्या


१६ ऑक्टोबर

चिरंजीव खिळ्यास,

तुझ्या गळतीशास्त्राने मी थक्क झालो. आम्ही वर्गात शिकवतो की धूर दिसला की खाली अग्नी मानावा. तू म्हणतोस, तेल खाली दिसलं की कारण वर मानावं. दोन्ही मिळून विश्व पुरं होतं.

रविवारी सकाळी यज्ञ मांडला. रॉकेल, दोन ब्रश, माझा जुना सदरा. मामा अंगणात स्टुलावर बसले, काठी हातात. काठीने दाखवायचे, मी पुसायचो. “मागे. अजून मागे. तो कोपरा काय पुढच्या जन्मी पुसणार?” पावडर तुझ्या वहिनीची. तिने डबा देताना विचारलं, “हिला लावून कुठे दाखवायला नेताय?” उत्तर मामांनी दिलं: “सासरी.”

बारा किलोमीटर फिरलो. मामा पुढच्या सीटवर. येऊन बोनेट उघडलं. पांढऱ्या अंगावर एकच काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होऊन थेट खाली. मागचं सील निर्दोष. खोट्या आरोपातून सुटलेल्या माणसासारखं कोरडं. तुझी रबरी नळीही फुंकली, मोकळी आहे. तोंडाला दोन दिवस इंजिनाची चव होती.

मामा इतके खूश झाले की मला वाटलं आता माझ्या पाठीवर हात पडणार. ते म्हणाले, “बघ. तिकडे बसून सांगितलं त्याने. डोळ्यांनी न बघता.” मग घरात गेले आणि तुझ्या वहिनीला सांगितलं. मग पेपर टाकणाऱ्याला. दुपारी दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही. मी तेव्हा नखांतलं तेल काढत बसलो होतो. तेल निघतं, वेळ लागतो.

खोटं का बोलू, मला जरा झोंबलं. सहा वर्षं त्यांच्या पायाची नखं मी कापतो, कारण त्यांना वाकवत नाही. औषधाची वेळ मी सांभाळतो. त्यांच्या गुडघ्यांपैकी डावा जास्त दुखतो, हे माहीत असण्याचा जो काही मान असेल तो माझा. आणि घरात जयघोष कोणाचा, तर तीनशे दहा किलोमीटरवरून पावडर सुचवणाऱ्याचा. गैरहजर माणूस फार गुणी असतो. मीही एकदा होऊन बघणार आहे.

पॅकिंग इथे मिळत नाही. दुकानदार म्हणाला, “ही गाडी अजून आहे?”

पंडित

(मामांच्या अक्षरात) ८७,४२४


२२ ऑक्टोबर

पंडितास,

पॅकिंग सोबत पाठवतो. दोन आहेत. एक तू बिघडवशील म्हणून.

नीट वाच. कव्हरला आठ बोल्ट. सगळे काढ. जुनं बूच बोथट पात्याने खरवड, आधी आत फडकं कोंब. तुकडा आत पडला तर मला कळवू नकोस, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला कळव. कव्हरची कड सपाट आहे का बघ. भोकांपाशी पत्रा दबलेला असेल तर लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोक. पॅकिंग फक्त कव्हरला चिकटव, खालची बाजू कोरडी. मधले बोल्ट आधी, मग बाहेरचे, समोरासमोर, थोडे थोडे. दोन बोटांनी पान्हा धर. मूठ वळायची नाही. बूच जास्त दाबलं की फुटतं आणि जास्त गळतं. चांगलं घट्ट करू म्हणून माणसं जे करतात त्यानेच गळतं.

गाडी चाळीस किलोमीटर चालव. गार झाल्यावर पुन्हा तपास. कोरडी असेल तर निघा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गिरणीतून चार दिवस रजा काढली आहे. कागदाची गिरणी रजा देत नाही. मिळवली आहे.

नखांबद्दल वाचलं. तुला वाटतं ती तक्रार आहे. तुला झोंबतं की ते माझं कौतुक न्हाव्याला सांगतात. मला त्यांनी तोंडावर एकदाही सांगितलेलं नाही. न्हावी माझ्यापेक्षा भाग्यवान, आणि तू त्याहून. तू त्यांचे पाय धरून बसतोस आणि वर माझ्यावर जळतोस. काही लोकांना जेवायला बसवलं तरी दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय असते.

वहिनींना नवा पावडरचा डबा पाठवत आहे.

खिळ्या


३० ऑक्टोबर

चिरंजीव खिळ्यास,

पॅकिंग पोचलं, डबा पोचला, ताटाचा टोमणाही पोचला. तिन्ही वस्तू सुस्थितीत.

काम केलं, अगदी तू म्हटल्याप्रमाणे. फडकं कोंबलं, खरवडलं, कड ठोकून सपाट केली, मधून बाहेर, दोन बोटांनी. पहिलंच पॅकिंग बसलं. दुसरं तसंच आहे, तुझी भविष्यवाणी खोटी ठरली म्हणून कळवतो.

पण बातमी चांगली नाही. काल चाळीस किलोमीटर चालवली, आणि पुन्हा तेल. मागच्या कोपऱ्यातूनच, पहिल्यापेक्षा थोडं जास्त. शिवाय मला हेड गॅस्केटची शंका येते. वाचनालयात एक पुस्तक मिळालं, त्यात लिहिलं आहे की तेल भरायच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर पाणी आणि तेल एकत्र होतंय असं समजावं. मला काहीसं दुधासारखं दिसलं. प्रकाश कमी होता.

अशा स्थितीत ऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन तीनशे दहा किलोमीटर निघणं मला धोक्याचं वाटतं. वाटेत इंजिन बंद पडलं तर? थंडी सुरू होते आहे, त्यांना खोकला आहे. बारीक आहे, पण आहे. मला वाटतं हा हिवाळा जाऊ द्यावा. मार्चमध्ये बघू. तुझी रजा वाया जाते याचं वाईट वाटतं. गिरणीला सांग की भावाचं इंजिन आडवं आलं.

मामा ठीक आहेत. आजकाल थोडे गप्प असतात.

पंडित

(मामांच्या अक्षरात) ८७,४२४


४ नोव्हेंबर

पंडितास,

तुझ्या सोळा तारखेच्या पत्राखाली आकडा होता ८७,४२४. तीस तारखेच्या पत्राखालीही तोच आहे. मध्ये तू चाळीस किलोमीटर चालवलीस.

बाबा चाळीस वर्षं मोजणी करत होते. आकडा चुकत नाहीत.

झाकणाखाली खरंच दूध असेल तर रेडिएटरमधलं पाणी उतरलं असणार. किती घातलंस ते लिहिलं नाहीस. लिहिणार कुठून.

मी रजा रद्द केलेली नाही. खाटेवर गादी घातली आहे. पुढच्या खोलीतून माझं टेबल काढून स्वयंपाकघरात नेलं, आता तिथे जेवतो आणि तिथेच लिहितो. हे पत्रही तिथूनच.

काय झालं ते मला तुझ्याकडूनच वाचायचं आहे. श्लोक नको.

खिळ्या


९ नोव्हेंबर

खिळ्या,

आज आशीर्वाद नाही. तो अधिकार काही दिवस तुझ्याकडे राहू दे.

गाडी कोरडी होती. त्या दुपारी पॅकिंग बसवलं, इंजिन सुरू करून तासभर अंगणातच चालू ठेवलं, पावडर भुरभुरली. एक थेंब नाही. तुझ्या वहिनीने टाळ्या वाजवल्या. मामा आत झोपले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी पान्हा पुसायला घेतला. पुसता पुसता डोळ्यापुढे आलं की पुढच्या आठवड्यात हे स्टूल रिकामं असेल, आणि ‘पुढच्या जन्मी पुसणार का’ असं मला कोणी विचारणार नाही. मग मी मागच्या कोपऱ्यातले दोन बोल्ट अर्धा अर्धा आटा सैल केले. आठवीतल्या मुलाने दुसऱ्याच्या सायकलची हवा सोडावी, तसं. वय वर्षं त्रेपन्न.

इंजिन पुन्हा चालवलं. तेल आलं. ते आलं याचा मला आनंद झाला, हे लिहायला फार वेळ लागला, पण लिहिलं.

बाकीचं सगळं रचलेलं. चाळीस किलोमीटर, दूध, कमी प्रकाश. खोकला मात्र मी स्वतः खोकलो होतो. पत्राखालचा आकडा मी पाहिलाच नाही. पाकीट ते चिकटवतात हे तुला मीच कौतुकाने लिहिलं होतं. इतकी वर्षं तर्क शिकवला आणि लबाडी करताना पुरावा स्वतःच पोस्टात टाकला.

तुझं पत्र आलं तेव्हा मामा स्टुलावरच होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, “मामा, बोल्ट मी सैल केले.”

ते म्हणाले, “माहीत आहे. खिडकीतून बघत होतो.”

मी विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“बरं वाटलं.” पुढे म्हणाले, “या वयात कोणी माझ्यासाठी चोरी करेल असं वाटलं नव्हतं.”

“आणि तरी आकडा खरा लिहिलात.”

“बरं वाटणं वेगळं, आकडा वेगळा.”

खिळ्या, मग मी त्यांना जे विचारलं ते सहा वर्षांत आपल्या दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं. तू शेड बांधलीस, मी बोल्ट सैल केले. विचारलं कोणीच नव्हतं. मी म्हणालो, “तुम्हाला जायचं आहे का?”

त्यांनी काठी गाडीच्या चाकाला टेकवली. मग म्हणाले, “जायचंय. तो आणि मी एका घरात नीट राहिलोच नाही. मी सतत रानोमाळ, आणि तो मोठा झाल्यावर आम्ही भांडलो. आता थोडे दिवस आहेत. पण निघताना इथे कोणाला वाईट वाटावं अशी इच्छा होती. ते तू केलंस. आता निघायला हरकत नाही.”

मी आत जाऊन पान्हा घेऊन आलो.

तुझ्यावर मी गेली सहा वर्षं जळतो आहे. कारण ऐकशील तर हसशील. मी जे करतो ते मामा गृहीत धरतात, तू जे करत नाहीस त्याची ते वाट बघतात. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी रोज बघितला, आणि तो माझ्यासाठी कधीच नव्हता.

दोन्ही बोल्ट पुन्हा आवळले. दोन बोटांनी. काल खरोखर चाळीस किलोमीटर गेलो, मामा शेजारी. कोरडी आहे. तू म्हणशील त्या दिवशी निघतो.

पंडित

(मामांच्या अक्षरात) ८७,४६४


१३ नोव्हेंबर

पंडितास,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. गिरणीत एका माणसावर ओरडलो, त्याची चूक नव्हती.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मला तुझा हेवा वाटला. गाडी भंगारात द्या म्हणणारा मी. त्यांना जाऊ द्यायचं नाही म्हणून बोल्ट सैल करावा असं माझ्या मनातही आलं नसतं. सहा वर्षांपूर्वी ते माझ्या घरातून निघाले तेव्हा गाडीत सामान मीच ठेवलं. डिकी मीच लावली. नीट लावली.

तिसऱ्यांदा फक्त त्यांची वाक्यं वाचली.

माझी रजा आता वीस तारखेपासून. गिरणीकडून पुन्हा मिळवली. एकोणीसला सकाळी लवकर निघा. निघताना तेल बघ, पाणी बघ. दर साठ किलोमीटरला थांबा, इंजिनासाठी नाही, त्यांच्या डाव्या गुडघ्यासाठी. तू चार दिवस राहा. नखं कशी कापायची ते दाखव. ते मला पाय देतील की नाही माहीत नाही. तू बसलेला असलास तर देतील.

खिळ्या


२६ नोव्हेंबर

चिरंजीव खिळ्यास,

बसने सुखरूप पोचलो. शेजारी एक बाई सगळा वेळ झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. म्हणजे उपयोगी पडण्याची सवय गेलेली नाही.

शेवटच्या दिवशी मी सामान भरत होतो तेव्हा तू त्यांना गाडीतून फिरवायला नेलंस. पन्नास मिनिटं बाहेर होतात. परत आलात तेव्हा ते हसत होते आणि तू लाल झाला होतास. काय बोललात ते मी विचारलं नाही. ते तुझं आहे. पण मी दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होतो, हे तुला सांगून ठेवतो.

नखं तू बरी कापलीस. अंगठ्याच्या कडेला जरा जास्त खोल गेलास. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. माझ्या हातून तसं झालं असतं तर मला अर्धा तास ऐकावं लागलं असतं. तुझ्याशी ते पाहुण्यासारखे वागतात. ते जाईल. ज्या दिवशी तुला पहिली शिवी बसेल त्या दिवशी समज की ते घरी आले.

इथे सगळं जागच्या जागी आहे. स्टूल तुझ्या वहिनीने आत आणून त्यावर कुंडी ठेवली. मी ती उचलून खाली ठेवली. तिने पुन्हा वर ठेवली. असं तीन वेळा झालं, मग ती म्हणाली, “राहू दे बाई, असू दे मोकळं.” ती मला बाई म्हणाली, यावरून तिचंही लक्ष ठिकाणावर नाही हे कळावं.

काल वर्गात मुलांना तर्क शिकवताना धूर आणि अग्नी असं सांगायला गेलो आणि तोंडातून पावडर आणि तेल निघालं. एकाने लिहूनही घेतलं.

आता एक मागणी. ते तुझ्याकडे कसे आहेत ते दर आठवड्याला लिही. खोकला, गुडघा, झोप. तळाशी आकडा त्यांना लिहू दे. ते दुःखी असतील तर पत्र नको, फोन कर. मी त्याच दिवशी बस पकडीन.

आणि सुखी असतील तर तेही लिही. मला फार वाईट वाटेल. तरी लिही.

तुझा,
पंडित